बाकी काय विशेष?

गणेशचतुर्थीला नैवेद्याचे मोदक एकवीस. खाणारी माणसं चार: आई, बाबा, कॉलेजातला दादा आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली धाकटी. आरती होते, नैवेद्य दाखवून होतो, केळीची पानं मांडली जातात आणि आई वाढायला घेते. तिने पहिला मोदक उचलायच्या आत धाकटी निकाल जाहीर करते, “चारने भाग जात नाही. एक उरणार.”

एक उरतोच. प्रत्येकाच्या पानात पाच-पाच पडतात आणि एकविसावा मोदक ताटात एकटा बसून राहतो. मग घराघरातला तो जुना खेळ सुरू होतो. बाबा म्हणतात, दादाला द्या. दादा म्हणतो, आईने केलेत, आईने घ्यावा. आई म्हणते, माझं पोट भरलं; वास्तविक तिने अजून पहिल्याच मोदकाचं नाक मोडलेलं असतं. घरात सात माणसं असती तर प्रत्येकी तीन आले असते, तिघंच असती तर सात, आणि ताट लगेच घासायला गेलं असतं. एकवीसला सातनेही निःशेष भाग जातो आणि तीननेही. गणपतीला मोदक किती हे ठरवणाऱ्याने ‘हम दो हमारे दो’चा विचार केलेला दिसत नाही.

धाकटीने भागाकार केला नव्हता. भागाकार न करताच भाग जाईल की नाही हे सांगण्याच्या विद्येला शाळेत विभाज्यतेच्या कसोट्या म्हणतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला न जाताच स्थळ जमणार की नाही ते कळावं, तशी ही सोय आहे. एकक स्थानी ०, २, ४, ६ किंवा ८ असेल तर दोनने भाग जातो. एकक स्थानी ० किंवा ५ असेल तर पाचने. नुसतं शून्य असेल तर दहाने. इथपर्यंत वर्गातली सगळी मुलं हुशार असतात.

चारपासून पटावरची संख्या घटू लागते. चारसाठी शेवटचे दोन अंक पाहायचे, आठसाठी शेवटचे तीन. का, हे विचारणारं मूल वर्गात एखादंच असतं आणि त्याला बहुधा खाली बसवलं जातं. कारण मात्र साधं आहे. दहाला चारने भागलं तर दोन उरतात, पण शंभराला चारने पुरता भाग जातो. शंभराला गेला म्हणजे हजाराला, लाखाला, कोटीलाही गेला. तेव्हा ७३,९५,८१,९१६ अशी लांबलचक वरात दारात आली तरी चारने फक्त शेवटच्या सोळाकडे पाहायचं. चार चोक सोळा. पुढचे घोडे, बँड, फेटे, सगळे माफ.

तीन आणि नऊ यांचा कारभार वेगळा. त्यांना शेवटच्या अंकाशी देणंघेणं नसतं, त्यांना सगळ्या अंकांची बेरीज लागते. ७३८ घ्या. सात, तीन आणि आठ मिळून अठरा. अठराला नऊने भाग जातो, म्हणून ७३८ लाही जातो. यात जादू वाटते, पण हा वर्गणीचा हिशेब आहे. दहातून नऊ गेले की एक उरतो. शंभरातून नव्व्याण्णव गेले की एकच उरतो, हजारातून नऊशे नव्व्याण्णव गेले तरी एकच. लहान असो की मोठा, प्रत्येकाकडून वर्गणी रुपया. सात शतकांचे सात, तीन दशकांचे तीन, सुटे आठ. मंडळाच्या डब्यात जमले अठरा. अंकांची बेरीज म्हणून मुलं जी करतात, ती खरं तर बाक्यांची बेरीज असते.

अकराच्या बाबतीत वर्गणी सोडून उसनवारी चालते. अकरासमोर दहा हा एकाने कमी पडतो. शंभर एकाने जास्त भरतो, कारण नऊ गुणिले अकरा नव्व्याण्णव. हजार पुन्हा एकाने कमी, कारण १००१ म्हणजे ९१ गुणिले ११. एकाचं देणं, दुसऱ्याचं येणं, असं एकाआड एक चालतं. म्हणून अंक एकाआड एक मिळवायचे आणि दोन बेरजांतला फरक पाहायचा. शून्य आला किंवा अकराच्या पटीत आला की मिटलं. हे कमी पडण्याचं गणित मराठी कानाला परकं नाही. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, एकोणपन्नास म्हणजे एक ऊन पन्नास. मराठी माणूस मोजताना पन्नासपर्यंत जातो आणि एक पाऊल मागे येऊन उभा राहतो. नव्व्याण्णवपाशी मात्र ही रीत मोडते. नियमाने ते एकोणशंभर व्हायला हवे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ ही पर्यायी वाट दिली गेली, तेव्हा एरवी पाढ्यांकडे ढुंकून न पाहणारे लोकही खवळले. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’चं काय करायचं, असा चिमटा विधिमंडळात काढला गेला.

कसोट्या पाठ झाल्या की त्या एकमेकींत मिसळतात. शेवटी दोन आले तर दोनने जातो, पाच आले तर पाचने जातो, म्हणजे शेवटी तीन आले तर तीनने जाणारच, असा न्याय मुलं लावतात. १३, २३, ४३, ५३ यांना त्यामुळे दरवर्षी लाखो वह्यांत विनाकारण तीनने भागलं जातं. उलट ५१, ५७ आणि ९१ या संख्या चेहऱ्याने अशा सोवळ्या, की त्यांना कशानेच भाग जाणार नाही असं वाटावं.

पाढे तीसपर्यंत पाठ असलेल्या पिढीला हा धोका नव्हता. त्यांना कोणी झोपेतून उठवून ५१ म्हटलं असतं तर तोंडातून ‘सतरा त्रिक एक्कावन्न’ आपोआप बाहेर पडलं असतं. ९१ म्हटलं की ‘तेरा साते’. या लोकांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकीही घोकलेली असे. साडेतीनचा पाढा औटकी म्हणून वेगळा. अशांना भाग जातो का हे ओळखायला कसोटी लागत नसे, कान लागत असे. अलेक्झांडर ग्रोथेंडिक हे विसाव्या शतकातले थोर गणिती. त्यांना कोणीतरी सुचवलं, की चर्चेसाठी एखादी प्रत्यक्षातली मूळ संख्या घेऊ. ते म्हणाले, ठीक आहे, ५७ घ्या. हा किस्सा गणिती मंडळी आजही चवीने सांगतात आणि ५७ ला लाडाने ‘ग्रोथेंडिकची मूळ संख्या’ म्हणतात. पाच आणि सात मिळून बारा, बाराला तीनने भाग जातो, हे धाकटीनेही सांगितलं असतं. तिच्या आजीने तेही केलं नसतं. ती नुसतं ‘एकोणीस त्रिक’ म्हणाली असती आणि तांदूळ निवडत राहिली असती.

दुसरी हमखास चूक जास्त रंगतदार. दोनने जातो आणि तीनने जातो म्हणजे सहाने जातो, हे बरोबर. तेव्हा चारने जातो आणि सहाने जातो म्हणजे चोवीसने जाणार, नाही का? नाही. बारालाही दोघांनी भाग जातो आणि छत्तीसलाही, पण चोवीसने दोघांनाही जात नाही. चार आणि सहा यांच्यात दोन हा सामाईक आहे, आणि गुणाकार करताना तो दोनदा मोजला गेला. भावाभावांच्या वाटणीत सामाईक विहीर दोघांच्याही सातबाऱ्यावर पूर्ण दाखवली तर जे होतं, तेच इथे होतं. दोन आणि तीन सहमूळ आहेत, त्यांच्यात सामाईक असं काही नाही, म्हणून त्यांचं जमतं.

छत्तीसचा विषय निघालाच आहे तर तिच्यावर झालेल्या अन्यायाची दाद घ्यायला हवी. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, एवढ्या कारणावरून मराठीने तिला भांडणाची संख्या ठरवलं. दोघांचं पटत नसलं की छत्तीसचा आकडा. प्रत्यक्षात हिच्याइतकी मिळूनमिसळून वागणारी संख्या आसपास नाही. १, २, ३, ४, ६, ९, १२, १८ आणि स्वतः ३६, अशा नऊ जणांनी तिला निःशेष भाग जातो. शेजारच्या ३७ ला एक आणि स्वतः यांखेरीज कोणी जवळचं नाही, पण त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

खरा माणूसघाणा आकडा सात. पाठ्यपुस्तकातल्या कसोट्यांच्या यादीत २ असतो, ३ असतो, ४, ५, ६, ८, ९, १० असतात, आणि सातच्या जागी लेखकाने हळूच नजर चुकवलेली असते. लंडनमधल्या एका बारा वर्षांच्या शाळकरी मुलाला सुट्टीत सोडवायला असंच एक पुस्तक मिळालं होतं. सातसमोर काहीच नाही हे त्याला खटकलं आणि त्याने स्वतःची युक्ती काढली. शेवटच्या अंकाला पाचने गुणून उरलेल्या संख्येत मिळवायचं. ३४३ घेतले तर तीन पाचे पंधरा, ३४ आणि १५ मिळून ४९. सात साते एकोणपन्नास, म्हणजे भाग जातो. २०१९ मध्ये या पोराचं जगभर कौतुक झालं. जुनी रीत शेवटच्या अंकाची दुप्पट वजा करण्याची आहे: ३४ वजा ६, उरले २८. दोन्ही रीती चोख आहेत. फक्त कसोटी लावून होईपर्यंत शेजारच्या बाकावरच्या मुलाचा भागाकार करून झालेला असतो.

मोठी माणसं म्हणतात, हे सगळं शाळेत ठीक, पुढे काही उपयोग नाही. असं म्हणणाऱ्याने गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार होऊन पाहावं. वार्षिक सभा रविवारी, आणि शनिवारी रात्री अकरा वाजता तेरीजपत्रकाच्या दोन बाजूंत २७० रुपयांचा फरक. खजिनदारांच्या घरी चहाच्या फेऱ्या होतात, सौभाग्यवती आपल्या खिशातून २७० रुपये भरायची तयारी दाखवतात. जुना हिशेबनीस असता तर त्याने आधी त्या २७० कडे पाहिलं असतं. दोन, सात आणि शून्य मिळून नऊ. नऊने भाग जातो. म्हणजे बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असणार. पावत्या चाळल्या की सापडतं: १,६३० च्या जागी १,३६० लिहिले गेलेत. अंक तेच, जागा बदलल्या. अंकांची बेरीज तीच राहिली, म्हणून फरकाला नऊने भाग जाणं अटळ.

अंकांच्या याच अदलाबदलीतून देवळालीच्या एका शाळामास्तरांनी जगाला कोड्यात टाकलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान अशी संख्या करा, तिच्यातून लहानापासून मोठा अशी वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ पासून सुरुवात केली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. कोणत्याही चार अंकांनी सुरू करा, फार तर सात वजाबाक्यांत गाडी याच स्थानकात येऊन थांबते. वाटेतल्या प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो, त्या २७० रुपयांसारखाच.

स्थानक हा शब्द कापरेकरांना आवडला असता. आपल्या एका संख्याप्रकाराला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिलं ते जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवलीवरून. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही, पुस्तिका पदरमोड करून छापलेल्या. त्यामुळे इथल्या विद्वानांपैकी अनेकांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मोजदाद सुरू झाली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिचं नाव त्यांनी ठेवलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १७२९ ही रामानुजनची टॅक्सीवाली संख्या हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. खुद्द ६१७४ हर्षद आहे: बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. बिचारी छत्तीसही हर्षद आहे, नऊ चोक छत्तीस. एकवीस मोदकही हर्षदच. दोन आणि एक तीन, तीन साते एकवीस.

तीन भावंडांना बरोबर वाटला जाईल असा रुपया या देशात एकेकाळी होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या पै १९२. तिघांत वाटला तर प्रत्येकी पाच आणे चार पै, वर काही उरायचं नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. दशमान पद्धत आली, गुणाकार सोपे झाले, शाळेतल्या मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. मात्र शंभराला तीनने भाग जात नाही. तिसऱ्या भावंडाच्या वाट्याचा तेहतिसावा पैसा दिल्यावर आईच्या हातात एक पैसा उरला, आणि त्या पैशावरून भांडायला तिघंही मोकळी झाली.

कधीकधी मात्र माणसं ठरवून एक उरवतात. लग्नाचा आहेर घ्या. एटीएमचा पडदा बजावतो, रक्कम शंभराच्या पटीत टाका. पाचशेची कडकडीत नोट हातात येते आणि मग सगळं घर एका रुपयाच्या नाण्याच्या शोधाला लागतं. देवापुढची वाटी, पर्सचा तळ, दादाच्या पँटचे खिसे. कारण पाचशे देणं बरं दिसत नाही, पाचशे एक द्यायचे. पाकीटवाल्यांनी ही अडचण ओळखून पाकिटावर नाणं चिकटवूनच विकायला सुरुवात केली. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक: दोनने भागा, पाचने भागा, दहाने भागा, प्रत्येक वेळी एक उरतो. एकशे एक तर मूळ संख्याच, वाटायची सोयच नाही. व्यवहार पुरता फिटू नये, काही येणंजाणं राहावं, असं जुनी माणसं सांगतात. एटीएमने पटीत दिलेले पैसे मराठी माणूस पटीतून बाहेर काढतो आणि मगच मांडवात जातो.

सरकारही कसोट्या लावतं, फक्त चार वर्षांतून एकदा. वर्षाला चारने भाग गेला की फेब्रुवारीला एक दिवस जास्त. शतकी वर्ष असेल तर ४०० ने जायला हवा. २००० साली गेला, २१०० साली जाणार नाही, आणि १९०० सालीही गेला नव्हता. या शेवटच्या वाक्याची झळ बसलेले एक गृहस्थ महाराष्ट्राच्या चांगले परिचयाचे आहेत. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० ला चारने भाग जातो पण ४०० ने जात नाही, म्हणून तारखेने त्यांचा पहिला वाढदिवस थेट १९०४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी आला. एप्रिल १९९५ मध्ये वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तोपर्यंत ही तारीख त्यांच्या वाट्याला आली फक्त तेवीस वेळा. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना मराठी माणसाशी त्यांचा छत्तीसचा आकडा होता. चारशेचा आकडा त्यांच्याशी त्याच्याही आधीपासून वाकडा होता.

संध्याकाळी गावाहून आजीचा फोन येतो. गणपती कसा बसवला, उकड फाटली का, पाऊस आहे का, हे सगळं विचारून झाल्यावर ती नेहमीचं विचारते, “बाकी काय विशेष?”

धाकटी आज फॉर्मात असते. ती म्हणते, “आजी, तू दोनदा तेच विचारलंस. बाकी म्हणजे उरलेलं आणि शेष म्हणजेही उरलेलं. विशेषमध्ये शेष आहे.”

आजी क्षणभर गप्प होते. आयुष्यभर ती प्रत्येक फोनवर हे विचारत आली, आणि पलीकडून प्रत्येक वेळी ‘बाकी काही नाही’ असं उत्तर आल्यावर बोलणं आणखी वीस मिनिटं चाललं. ती हसते, अभ्यास कर म्हणते, फोन ठेवते. दोन मिनिटांनी तो पुन्हा वाजतो.

“अगं, एक विचारायचं राहिलंच. एकवीस मोदक, तुम्ही चौघं. तो उरलेला शेवटी खाल्ला कोणी?”

धाकटी स्वयंपाकघरात डोकावते. ओट्यावर ताटली, ताटलीवर वाटी पालथी. बाबा पाणी प्यायच्या निमित्ताने तिथेच घोटाळतायत, दादाही नेमका तेव्हाच फ्रीज उघडून उभा आहे.

“कोणीच नाही,” ती सांगते. “तो बाकी आहे.”